नियमावली लिहिण्याआधी : वरळी बीडीडीतील शेजाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वरळी बीडीडी चाळींच्या पुनर्वसन इमारतींतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे पहिले पदाधिकारी, कार्यकारिणीचे सदस्य आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

14 ऑगस्ट 2025 रोजी आपल्यापैकी पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या एका खोलीत ज्यांच्या आजी-आजोबांपासून संसार झाले, त्यांना 500 चौरस फुटांचे, स्वतःच्या मालकीचे आणि आत शौचालय असलेले घर मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. मी याच चाळींत वाढले, लग्न होईपर्यंत तिथेच राहिले आणि माझे माहेर आजही तिथेच आहे. चाळ पाडू नका, जुने दिवस परत आणा, असे काही सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. विनंती एवढीच आहे की, आपल्या संस्था येत्या काळात वाहनतळ, सभागृह, दारापुढची जागा, उत्सव, पाहुणे, भाडेकरू अशा अनेक गोष्टींचे नियम करतील, आणि एकदा बसलेले नियम सहसा पुढची पन्नास वर्षे हलत नाहीत. म्हणून ते कागदावर उतरण्याआधी, चाळीत शेजार टिकला तो नेमका कशाच्या आधाराने, हे आपण सर्वांनी मिळून एकदा आठवावे.

आपल्याकडे या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे की, त्या वेळची माणसेच मनाने मोठी होती. हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण मला ते पुरेसे वाटत नाही. माणसे तेव्हाही आजच्यासारखीच होती. भांडणे होत, अबोले धरले जात, पाण्यावरून आणि मुलांवरून बायका एकमेकींना नको ते बोलत. तरीही ज्या घरात दुखणे येई तिथे समोरच्या घरातून पेज जाई, कारण चाळीची रचना आणि तिथल्या न लिहिलेल्या रिती माणसाला शेजाऱ्यापासून फार लांब जाऊच देत नव्हत्या.

ती रचना काही आपल्या सोयीसाठी झालेली नव्हती. 1920 मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात मुंबई सरकारने विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी) काढले, शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा बेत केला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून 207 चाळी, त्यांतल्या 121 एकट्या वरळीत. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळ रिकाम्याच राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने वरळीतल्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. सिमेंटच्या त्या कोरड्या इमारतींना घरपण आले ते नंतर राहायला आलेल्या माणसांमुळे. कोकणातून, घाटावरून, देशावरून गिरणीत कामाला आलेल्या त्या माणसांनी एकेका खोलीत गावाकडचे भाऊ, भाचे, पुतणे सामावून घेतले.

ज्यांचे बालपण तिथे गेले त्यांना त्या मजल्याचे वर्णन करून सांगायला नको. परंतु आपल्या संस्थांत पुढे अशी मुले सभासद होतील ज्यांनी तो मजला पाहिलेलाच नसेल, म्हणून लिहिते. मधोमध एक लांब पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. दिवसा दार बंद दिसले तर त्या घरातली माणसे गावाला गेली आहेत किंवा काहीतरी बिनसले आहे, एवढेच दोन अर्थ निघत. दारे उघडी असत ती हवेसाठी, कारण खोलीला खिडकी एकाच बाजूला होती आणि दार लावले की आत कोंडत असे. पण हवेसाठी उघड्या ठेवलेल्या त्या दारातून बाकी सगळेच ये-जा करी. कोणाचा स्टोव्ह आज पेटला नाही, कोणाच्या म्हाताऱ्याचा खोकला वाढला, कोणाचा मुलगा शाळेच्या वेळेला घरीच आहे, हे मजल्यावरच्या वीस घरांना कळायला कोणी काही सांगावे लागत नसे. शाळेला दांडी मारलेल्या मुलाला पॅसेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंत निदान तीन काकू आणि एक आजी जाब विचारत, आणि त्याच्या आईला त्याचा राग येत नसे.

गिरण्या तीन पाळ्यांत चालत. त्यामुळे मजल्यावर दिवसा झोपलेले कोणी ना कोणी असेच. रातपाळी करून आलेल्या माणसाच्या दारापुढे मुलांनी खेळायचे नाही, हा नियम मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही, पण तो आम्हा सर्वांना ठाऊक होता. चेंडू घेतला की आम्ही सरळ खाली पळत असू, जांबोरी मैदानावर नाहीतर दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत. रात्री उन्हाळ्यात पुरुष पॅसेजमध्ये आणि गच्चीवर अंथरुणे टाकत, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच गच्चीवर दिवसा पापड, कुरडया, सांडगे वाळत घातलेले असत. ते राखायला बसलेल्या मुलांत कोणते घर कोणाचे, याचा हिशेब नसे. राखण सगळ्यांच्या वाळवणाची एकत्रच होई. एका खोलीला न पुरणारे सगळे काही त्या सामायिक जागांत मावत असे, आणि म्हणूनच त्या जागा सर्वांना आपल्या वाटत.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुष्कळांच्या बाबतीत तो संप कधी संपलाच नाही. मी तेव्हा शाळेत होते. भोंगा वाजेनासा झाला, वडील घरात दिसू लागले, आणि पहिले काही आठवडे आम्हा मुलांना ते सुट्टीसारखे वाटले. नंतर मजल्यावरची काही कुटुंबे गावी गेली, काही घरांतल्या बायकांनी डबे करायला घेतले, काहींनी पापड लाटण्याचे काम धरले, काही भाजी घेऊन नाक्यावर बसू लागल्या. खानावळ चालवणे चाळीतल्या बायकांना नवे नव्हते. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालून त्यांनी आधीपासूनच संसाराला हातभार लावला होता, आणि अशाच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. संपात तो अनुभव पुष्कळ घरांच्या कामी आला. ज्यांचे पगार चालू होते, म्हणजे बेस्टमधले, महापालिकेतले, पोलिसांतले शेजारी, त्यांच्या घरातून कोणाची शाळेची फी गेली, कोणाच्या घरी अर्धी गोणी तांदूळ गेले. आमच्याही घरी आले. ते आणून ठेवणाऱ्या काकूंनी आईला एकच वाक्य म्हटले होते की, रेशनवर जास्त मिळाले, माझ्याकडे ठेवायला जागा नाही. दोघींनाही खरे काय ते माहीत होते.

या प्रसंगाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे, आणि नव्या संस्थांच्या दृष्टीने तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईने कोणाकडे काही मागितले नव्हते आणि ती कधी मागणारही नव्हती. मदत आली कारण समोरच्या घराला आमच्या डब्यातले तांदूळ किती उरले आहेत याचा अंदाज होता. आधी माहिती होती, म्हणून माया पोहोचू शकली. चाळीस मजल्यांच्या इमारतीत, जिथे प्रत्येक घराचे दार उद्वाहनातून बाहेर पडल्याबरोबर उघडते आणि लगेच मिटते, तिथे माया तेवढीच असली तरी ती कोणत्या दारावर न्यायची हे कळायचा रस्ता राहत नाही. तो रस्ता आता जाणीवपूर्वक तयार करावा लागेल, आणि ते काम संस्थेशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल आठवणींच्या लेखांत फारसे लिहिले जात नाही, तीही लिहिणे मला भाग आहे. मजल्यावरच्या ऐंशी-शंभर माणसांसाठी सामायिक शौचालये होती. पहाटेची रांग, हातात डबा, पाणी गेलेले, कडी तुटलेले दार, आणि पाळीच्या दिवसांत किंवा बाळंतपणानंतर त्या पॅसेजमधून सर्वांसमोरून चालत जाणे, हे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. रात्री दिवा गेला असला की आई माझ्याबरोबर येऊन दाराबाहेर उभी राहत असे, आणि आई रातपाळीच्या स्वयंपाकात असली तर शेजारची मावशी येई. नवी नवरी घरात आली की दीर-सासऱ्यांना पॅसेजमध्ये झोपावे लागे, तिला मात्र एकांत असा कधीच मिळत नसे. म्हणून जुन्या मजल्याची स्तुती करताना बायकांना विचारल्याशिवाय ती करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. दार आतून लावता येणे हीसुद्धा एक मोठी मिळकत आहे. माझ्या वहिनीने नवे घर पाहून आल्यावर सर्वांत आधी मला सांगितले ते न्हाणीघराच्या कडीबद्दल, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राबद्दल नंतर.

आणखी एक गोष्ट आहे. आपला शेजार घट्ट होता, पण त्याला सीमा होत्या. कोणत्या ओळीत कोणत्या समाजाची घरे जास्त, हे वरळीतल्या प्रत्येक मुलाला लहानपणीच कळे, आणि कोणत्या ओळीपलीकडे खेळायला जायचे नाही हेही कळे. 5 जानेवारी 1974 रोजी आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली, तिच्यावर दगडफेक झाली, आणि त्यानंतर चाळी-चाळींत दंगल पेटली. 10 जानेवारीला परळमध्ये निघालेल्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव यांचा जीव गेला. मी तेव्हा फार लहान होते; पण माझ्या घरातली मोठी माणसे त्या दिवसांबद्दल आवाज खाली आणून बोलत, हे मला पक्के आठवते. दंगलीनंतर पुष्कळ वर्षे एका मैदानावरचा गणेशोत्सव आणि दुसऱ्या मैदानावरची भीमजयंती यांच्यात लोकांनी जाणे-येणे मोजूनमापून केले. ज्या उघड्या दारांचे मी वर इतके कौतुक केले, ती दारे आपल्या ओळीपुरती उघडी होती, हे लिहिल्यावाचून मी पुढे जाऊ शकत नाही.

म्हणूनच नव्या इमारतींतल्या घरांचे वाटप संगणकीय सोडतीने झाले, याकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. सोडतीमुळे समोरासमोर राहिलेली दोन घरे वेगवेगळ्या मजल्यांवर गेली, कित्येक म्हाताऱ्या मैत्रिणींच्या मधे आता बारा-पंधरा मजले आले, हे दुःख खरे आहे. पण त्याच सोडतीने, जी घरे शंभर वर्षे दोन ओळींत वाटलेली होती, ती एका मजल्यावर आणून ठेवली. आपल्या आई-वडिलांना जे जमले नाही ते करण्याची सोय या चिठ्ठ्यांनी आपोआप करून दिली आहे. आता मजल्यावर जुनी ओळख नाही, आणि जुनी तेढही नाही. ओळख नव्याने करायचीच आहे, तर ती सर्वांशी करावी.

यासाठी संस्थांच्या नियमांत काय असावे, याबद्दल माझी काही ठाम मते आहेत. ती मोकळेपणाने मांडते. आपण ती तपासून घ्यावीत.

दारापुढच्या जागेबद्दल नियम करताना घाई करू नये. अग्निसुरक्षेसाठी जिना आणि मार्ग मोकळे ठेवावेच लागतात, त्यात तडजोड नको; चाळीस मजल्यांच्या इमारतीत तो जिवाचा प्रश्न आहे. परंतु सामान ठेवण्याला मनाई करणे वेगळे आणि माणसांनी बसण्याला मनाई करणे वेगळे. संध्याकाळी दोन आज्या खुर्च्या टाकून उद्वाहनासमोर बोलत बसल्या तर त्यांना सुरक्षारक्षकाने उठवू नये, एवढी दक्षता नियमांच्या भाषेत घेता येते. मुलांच्या खेळण्याचेही तसेच. पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या सामायिक मजल्यांवर, वाहनांसाठी किती जागा आणि मुलांसाठी किती, हा हिशेब पहिल्याच सभेत व्हावा, कारण एकदा गाड्या उभ्या राहिल्या की त्या जागेवर पुन्हा खेळ सुरू होत नाही.

इमारतीत सामायिक वापराची जी खोली मिळेल, ती केवळ लग्न-बारशाला भाड्याने देण्यासाठी राखू नये. आपल्या चाळींत तळमजल्यावरच्या खोल्यांत बालवाड्या चालल्या, व्यायामशाळा चालल्या, भजनी मंडळांनी पखवाज ठेवले, बुद्धवंदना झाली, कॅरमच्या स्पर्धा झाल्या, आणि परीक्षेच्या दिवसांत एका खोलीतल्या आठ माणसांच्या गर्दीतून सुटून मुले अभ्यासाला बसली. घरे मोठी झाली म्हणून अभ्यासिकेची गरज संपली असे कोणी म्हणेल, पण आज ज्या घरात दोन मुले, आजारी आजोबा आणि घरून काम करणारी सून आहे, तिथे जाऊन पाहावे.

देखभालीचा खर्च पुढे सर्वांनाच पेलावा लागेल. आज तो प्रकल्पातून उचलला जाणार असला तरी काही वर्षांनी उद्वाहने, पाण्याचे पंप, जनित्र आणि सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा आकडा प्रत्येक घरापुढे येईल, आणि निवृत्त गिरणी कामगाराच्या विधवेला तो जड जाईल. थकबाकीदारांची नावे फलकावर लावण्याची रीत शहरातल्या पुष्कळ संस्थांत आहे. आपण ती उचलू नये. संपाच्या काळात ज्या काकूंनी तांदूळ देताना आईचा मान राखला, त्यांची रीत आपल्याजवळ असताना दुसऱ्याची उसनी आणण्याचे कारण नाही. संस्थेने अडचणीतल्या सभासदांसाठी एक छोटा निधी आधीपासून वेगळा ठेवावा, आणि त्याचा हिशेब दोन विश्वासू व्यक्तींपुरताच राहावा.

प्रत्येक मजल्यावर एक बाई आणि एक पुरुष, दर वर्षी बदलणारे, असे दोघे मजल्याची चौकशी ठेवतील, एवढी साधी व्यवस्था करता येईल. एकटे राहणारे कोण, डायलिसिसला जाणारे कोण, कोणाची मुले परगावी, कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर गाडी कोणाची, हे त्यांना माहीत असावे. हीच माहिती पूर्वी उघड्या दारातून मिळत होती. कार्यकारिणीत कायद्याने स्त्रियांसाठी जागा राखीव आहेत. त्या जागांवर नवऱ्याच्या वतीने सही करणारी नावे न घालता, ज्यांनी खरोखर मजले सांभाळले त्या बायकांना बसवावे. पाणी, कचरा, मुले आणि भांडणे यांचा चाळीतला कारभार वर्षानुवर्षे त्यांनीच पाहिला आहे.

आणि उत्सवांबद्दल. गणेशोत्सवाची वर्गणी, 14 एप्रिलची वर्गणी, नवरात्र, दहीहंडी, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांसाठीची पाण्याची आणि जेवणाची सोय, हे सर्व संस्थेच्या एकाच वार्षिक कार्यक्रमात, एकाच हिशेबात आणि एकाच सभागृहात यावे. एकाच्या उत्सवाला मंडप आणि दुसऱ्याच्या उत्सवाला ध्वनिप्रदूषणाचा नियम, असे कुठेही होऊ नये. ज्यांचे पूर्वज दोन मैदानांत वाटले गेले होते, त्यांनी एका मंडपाच्या खुर्च्या मिळून उचलाव्यात, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

माझ्या विनंतीचे तात्पर्य काढत बसण्यापेक्षा एक काम सुचवते. पहिल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर उपविधी मंजूर करण्याच्या आधी एक विषय घ्यावा, की प्रत्येक मजल्यावरच्या सर्वांत वयस्क बाईने उठून जुन्या चाळीतली एक रीत सांगावी, जी चालू ठेवावी, आणि एक सांगावी जी तिथेच सोडून यावी. ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि मग नियमांचा मसुदा वाचावा. चाळींतल्या मंडळांच्या जुन्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, स्पर्धांचे फोटो आणि हजेरीची पुस्तके स्थलांतराच्या धांदलीत रद्दीत जात आहेत, असे मी माझ्या भावाकडून ऐकते. ती ठेवायला एक कपाट आणि जमवायला चार माणसे एवढेच लागेल. मी सभासद नाही, त्यामुळे सभेत मत देण्याचा हक्क मला नाही. पण हे कागद गोळा करून, तारखेनिशी लावून, संस्थेच्या ताब्यात देण्याचे काम मी आनंदाने करीन. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी आपल्या मजल्यावरच्या प्रतिनिधीकडे ठेवावे, मी येऊन घेऊन जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वरळी बीडीडीची एक माहेरवाशीण